मॅडमचं पिंप

"सकाळी काय खाल्लंत?"

खोलीच्या दारातच मॅडम विचारायच्या. नवा माणूस खूश व्हायचा. बाई आता चहा मागवणार, असं त्याला वाटायचं. बिचारा खरं सांगायचा, "इडली." मॅडम दोन पावलं मागे सरायच्या. "मग आज आत नाही. उद्या आंघोळ करून, पोळीभाजी खाऊन या." आंबवलेलं खाणारा माणूस अंगावरून परके जंतू आणतो आणि त्यांच्या बुरशीला ते बाधतात, असा त्यांचा दावा होता. एकदा वाटीभर दह्यापायी त्यांनी आमच्या मालकांनाच बाहेर काढलं. मालकांच्याच गाळ्यातून.

हा गाळा हाटकेशच्या औद्योगिक वसाहतीत होता. नव्वदीची सुरुवात, चायनीजच्या गाड्यांचं नुसतं पेव फुटलेलं. मालक मूळचे मिठागरवाले. जमीन विकली आणि सोया सॉसचा कारखाना टाकला. आमचा सॉस दोन दिवसांत तयार व्हायचा: सोयाबीनची पेंड, ॲसिड आणि जळकी साखर. वर लेबल लागायचं, 'नैसर्गिक'. मी तिथे सुपरवायझर होतो, म्हणजे ते लेबल सरळ लागलंय का एवढं पाहायचो. पुढे मालकांना हुक्की आली, की पाहुण्यांना दाखवायला थोडा खराही सॉस असावा. म्हणून मॅडम आल्या.

अन्न आंबवणाऱ्या बुरशींचा अभ्यास करण्यात त्यांची सगळी सरकारी नोकरी गेली होती. ईशान्येकडच्या डोंगरी बाजारांतून भात आंबवायच्या वड्या आणायच्या, त्यांतली बुरशी वाढवायची, निवडायची, पुन्हा वाढवायची. असं वर्षानुवर्षं करून त्यांनी एक जात तयार केली होती. त्या निवृत्त झाल्या आणि दुसऱ्याच आठवड्यात प्रयोगशाळेने त्यांचं कपाट रिकामं करून तिथे बिघडलेले पंखे ठेवले. निघताना मॅडमनी पर्समध्ये घातलेल्या चार काचेच्या नळ्या, एवढीच ती जात जगात उरली. भाड्याच्या खोलीत फ्रिज नव्हता, म्हणून नळ्या आमच्या गाळ्यातल्या फ्रिजमध्ये राहायच्या.

गाळ्यातल्या मॅडमच्या खोलीत लाकडी ट्रे होते. वाफवलेल्या सोयाबीनवर आणि भाजलेल्या गव्हावर पिवळट हिरवी लव चढली की मॅडम ओणव्या होऊन वास घ्यायच्या आणि त्यांचा चेहरा खुलायचा. माणसांना तो चेहरा कधी दिसला नाही. "आज दमलीय," म्हणायच्या. नाहीतर, "आज छान कामाला लागलीय." आम्ही मागे फिदीफिदी हसायचो. तुम्हीही हसला असतात.

पहिल्या ट्रेंमधलं सगळं त्यांनी एका पिंपात, मिठाच्या पाण्यात घातलं.

"कवा व्हईल?" मालकांनी विचारलं.

"आठ-नऊ महिने."

"येवढ्यात तं पोर व्हतं, बाय!"

"पोरच आहे," मॅडम म्हणाल्या.

मग दसरा आला. आदल्या दिवशी यंत्रांची पूजा, त्याआधी गाळा धुवायचा, हा आमचा रिवाज. मॅडम बहिणीकडे गेल्या होत्या. "येक बी कोपरा ठेवू नका," मालकांनी बायकांना बजावलं. बायकांनी ठेवला नाही. ट्रे फिनेलने घासले, उन्हात टाकले, खोलीला चुना मारला. फ्रिजमधल्या नळ्यांत कुणीतरी भात नासवून ठेवलाय, असं दिसल्यावर त्या उकिरड्यावर गेल्या आणि तिथे प्रसादाचं श्रीखंड आलं. सात पिढ्यांत झाली नसेल अशी साफसफाई.

दसऱ्यानंतर मॅडम आल्या. प्रत्येक ट्रेवर हळदकुंकू आणि झेंडूचं फूल होतं. एक ट्रे उचलून त्यांनी नाकाला लावला. फ्रिज उघडला. मग किती तरी वेळ तो उघडाच धरून उभ्या राहिल्या.

मालक समजूत काढायला गेले. "बाय, बुरशीच ती. पावसाला भिंती भरून परत येल."

"तुमचं पोर हरवलं, तर गल्लीतलं दुसरं आणून देऊ का?"

ट्रे घासणारी मावशी रडायला लागली. मराठवाड्यातून आलेली, कामाला वाघीण. "मॅडम, मला वाटलं घाण हाय, म्हणून लई घासलं ओ."

"चांगलं घासलंस," मॅडम म्हणाल्या. "काहीच उरलं नाही."

त्या निघून जातील, असं आम्हाला वाटलं. पण पिंप उरलं होतं. त्यातली बुरशी मिठाने केव्हाच मेली होती. तिने सुरू केलेलं काम तेवढं आत चालू होतं. मालकांनी खोलीत खोके भरले. मॅडम रोज यायच्या, खोके ओलांडून पिंपाशी जायच्या, लाकडी दांड्याने ढवळायच्या आणि घरी जायच्या. आता आमच्यापैकी कुणी हसत नव्हतं. हसायची सोय राहिली नव्हती.

उन्हाळ्यात त्यांनी सॉस गाळला. तांबूस, नितळ. मालकांनी बोट बुडवून चाखलं. "चव बरी हाय. पन काळा न्हाय. वाईच जळकी साखर टाकू, आन् आपल्या मालात मिसळून देऊ." आणि ते जेवायला गेले.

परत आले तोवर मॅडमनी बाटल्या भरून आम्हा सगळ्यांच्या हातात एकेक दिली होती. पहिली मावशीला.

"धंद्याचा माल हाय तो, वाटता कशाला?"

"धंद्याचा नाही," मॅडम म्हणाल्या. "तेराव्याचा आहे."

त्यानंतर त्या आल्या नाहीत. नैसर्गिक सॉस दोन दिवसांत होतच राहिला आणि मालकांनी दुसरा गाळा घेतला.

आमच्या घरी ती बाटली वर्षानुवर्षं पुरली. बायको आमटीत थेंबभर घालायची आणि साधी तुरीची आमटी असूनही मी तिसऱ्यांदा भात घ्यायचो. मग एके दिवशी केबिन रोडला मावशी भेटली. म्हणाली, "मॅडम गेल्या की हो, दिवाळीच्या आधीच."

घरी येऊन पाहिलं, तर बाटलीत बोटभर सॉस उरला होता. हा जपून ठेवू, मी बायकोला म्हणालो.

"कशाला? पुजायला?" असं म्हणून तिने बाटली आमटीत उपडी केली. वर घोटभर पाणी घालून खळबळली आणि तेही ओतलं.

आम्ही जेवायला बसलो. मला मॅडमची फार आठवण येत होती. शेवटी मी पातेलंच पुढे ओढलं आणि बोटाने पुसून खाल्लं.