दोन फूट आत

आमचे बाबा मोजणीदार. चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या, पण घरात खाटेची जागा बदलायची म्हटली तरी आधी टेप काढायचे. आई म्हणायची, "मला बघायला आले तेव्हाही यांनी नजरेनं उंची मोजून घेतली असणार." बाबा हसायचे नाहीत. विनोद त्यांच्या अंगाला लागतच नाही.

स्वतःच्या चार एकरांना हद्दीचे दगड लावायची वेळ आली, तेव्हा त्यांनी दोन्ही बाजूंना दगड दोन-दोन फूट आत घेतले. "उद्या कुणी म्हणायला नको, मोजणीदारानं स्वतःचीच पोळी भाजून घेतली." आई भडकली होती. "जगाचं भलं करा आणि घरच्यांच्या तोंडाला पानं पुसा!" शेजाऱ्यांनी त्या दगडांवरून कुंपणं घातली आणि विषय संपला.

नवऱ्याचं घर सोडून मी आले त्याला सहा वर्षं झाली. दादाच्या घरातली मागची खोली मला दिलीय. तिथं माझं शिलाई मशीन, पलंग आणि वहिनीचे धान्याचे डबे. काही हवं असलं की वहिनी दार न वाजवता आत येते. वाईट नाही हो ती. पण मला माझं दार हवंय. निम्मी जमीन माझी, तिच्यावर दोन खोल्या बांधायच्या, एवढंच ठरलेलं.

मग शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. शहरातले लोक शेतांचे तुकडे घेऊन बंगले बांधतात, म्हणून दोन एकरांहून लहान तुकडा पाडायचा नाही आणि पाडलाच तर त्यावर घर नाही, असा नियम येणार होता. दूधवाला म्हणाला, "आणाच. माझी गुरं चरायची कुठं, त्यांच्या गच्चीवर?" गवंडी उठला. "आणि आमच्या पोरांनी राहायचं कुठं, झाडावर?" हॉल हसला. जमिनीचा दलाल तेवढा तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होता.

शेवटी सभा घ्यायला आलेल्या अधिकारी बाईंनी बाबांचं मत विचारलं. "दोन एकर बरोबर आहे," बाबा म्हणाले. "त्याहून लहान तुकड्यात ट्रॅक्टर धड वळत नाही." नियमाच्या बाजूनं कोण, असं विचारल्यावर पहिला हात त्यांचा वर गेला. दुसरा माझा. आमच्या कागदावर चार एकर होते ना!

पण नवा नियम कागद बघत नाही, जागेवरची मोजणी बघतो. ती झाली. जमीन चारला थोडी कमी भरली. म्हणजे माझी निम्मी दोनला कमी. म्हणजे घर नाही.

"तुम्हाला सभेत माहीत होतं?" मी बाबांना विचारलं.

"हो."

"मग हात कशाला वर केलात?"

"दोन एकर बरोबर का, एवढंच विचारलं होतं त्यांनी."

"शेजाऱ्यांना सांगा, दगड सरकवा."

"दगड मी लावले. त्यांची काय चूक?"

मी आकाशपाताळ एक करायला हवं होतं. आतून काही आलंच नाही. मशीनवर एक गणवेश अर्धा राहिला होता, त्याची बाही लावून टाकली. तेव्हापासून भूक लागते, झोप लागते, बाकी काही वाटत नाही.

हरकती द्यायला महिन्याची मुदत होती. सगळ्यांचे अर्ज बाबाच भरून देतात, अक्षर चांगलं म्हणून. माझाही त्यांनीच पुढ्यात ओढला. नाव, क्षेत्र, किती कमी, सगळं मला न विचारता लिहिलं. एका रकान्याशी थांबले.

"क्षेत्र कमी असण्याचं कारण. काय लिहू?"

"लिहा, वडील मोजणीदार होते."

त्यांनी चष्मा वर केला. तसंच लिहिलं, आणि सहीसाठी कागद माझ्याकडे सरकवला.