नशीब समजा

काळेवाडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसतो. त्याच्यापाशी तक्रार करायची सोय नाही. बस ट्रॅफिकमध्ये अडकली की म्हणतो, "नशीब समजा, बसायला जागा तरी हाय." ओव्हरटाइम बंद झाला तेव्हा म्हणाला, "नशीब समजा, घरी गरम भाकरी मिळंल." सकाळी सकाळी एवढं समाधान अंगावर येतं माझ्या.

खंडेनवमीला त्याच्या मांडीवर झेंडूचा भलामोठा हार होता. पत्रा दाबणाऱ्या ज्या प्रेस मशीननं त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नेली, तिच्याच पूजेसाठी.

"तिला कसला हार घालता, राव?" मी चिडूनच विचारलं.

"असं बोलू नये, भाऊ." उरलेल्या तीन बोटांनी तो फुलं सारखी करत होता. "कैक वर्षं कंत्राटावर होतो, कुणी नावानं हाक मारत नव्हतं. बोटं गेली अन् साहेबांनी दवाखान्यात येऊन पर्मनंट केलं. तिचे उपकारच की!"

बसमध्ये आम्ही बाकीचे बहुतेक कंत्राटीच. चाकण येईपर्यंत जो तो आपापल्या हातांकडे बघत होता. दहाही बोटं शाबूत होती, आणि कुणालाच त्याचं समाधान वाटत नव्हतं.