राणी लपवणारी मुलगी

वासंतीताई गेल्याची बातमी आली तेव्हा मी बोरिवलीच्या घरी एका माकडाचं शेपूट रंगवत होतो. शेजारच्यांच्या फोनवर ताईंच्या यजमानांनी, भाऊंनी, दोनच वाक्यं सांगितली. परत येऊन मी ते शेपूट पूर्ण केलं, कारण वेळेवर काम न देणाऱ्या चित्रकारांना ताई काय म्हणायच्या ते इथे छापता येणार नाही... आता महिना होऊन गेला. ब्रश हातात घेतला की अजून त्यांचा धाक वाटतो, आणि त्या धाकाचीच फार आठवण येते.

मुलुंडच्या शाळेत शिकवून ताई मुलांसाठी गोष्टी लिहायच्या आणि मी चित्रं काढायचो. त्यांची एक पद्धत होती. रविवारी सकाळी बिल्डिंगमधल्या मुलांना जिन्यावर बसवून नवी गोष्ट वाचायची. ज्या पानाला मूल उठून गेलं, ते पान रद्द. सगळ्यांत वरच्या पायरीवर त्यांची स्वतःची मुलगी छाया असायची, दहा वर्षांची. तिला डाउन सिंड्रोम आहे हे डॉक्टरांनी सांगितलं होतं. बिल्डिंगमधली मोठी माणसं नुसतं 'बिचारी' म्हणून मोकळी व्हायची. एक दिवस ताई मला म्हणाल्या, "इतकी वर्षं मुलांसाठी लिहितेय, आणि माझ्या घरातलं मूल एकाही गोष्टीत नाही. लाज वाटते रे."

मग त्यांनी लिहिलं. गोष्टीतली मिनू फारच गोड होती. कधी रागवायची नाही, सगळ्यांना माफ करायची, आणि तिच्यामुळे भांडखोर मुलं सुधारायची. ऐकताना माझेही डोळे भरून आले. तिसऱ्याच पानाला छाया उठली, घरात गेली आणि कॅरमच्या सोंगट्यांचा डबा घेऊन आली. ताई बघतच राहिल्या आणि मग खो खो हसल्या. "आपलीच पोर, आणि मी तिची देवी करून ठेवली," म्हणाल्या. नियमाप्रमाणे आख्खी गोष्ट रद्द झाली. नवी मिनू हरायला लागली की कॅरमची राणी फ्रॉकच्या खिशात घालायची, पकडली गेली की बोर्ड उलटा करायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळायला हजर. हे सगळे उद्योग छायाचेच. या वेळी जिन्यावरून कोणी हललं नाही. छाया तर "राणी माझीच हाय" म्हणून वाचणाऱ्या आईशी भांडली.

मी मात्र माती खाल्ली. मिनूला मोठे डोळे आणि चाफेकळी नाक देऊन बसलो. रागावल्या की ताईंची मालवणी बाहेर यायची. "मेल्या, ही खंयची पोर? आमच्या घरात तर हिला कोणी बघितलं नाय. चल, बस छायासमोर." दिवसभर बसलो. बारीक तिरके डोळे, बसकं नाक, आखूड बोटं... संध्याकाळपर्यंत त्या चेहऱ्यातली लबाडी मला दिसायला लागली, तेव्हा कुठे चित्र जमलं.

अंधेरीच्या एका संपादकांना गोष्ट आवडली. "झकास आहे. फक्त शेवटी मुलगी बरी होते असं करा. नाहीतर चित्र तरी बदला, मुलं घाबरतील." ताईंचा आवाज एकदम शांत झाला, तेव्हाच आता वाट लागली हे मी ओळखलं. "ती आजारी नाही, मग बरी कशी होईल? आणि हा चेहरा रोज मुलांबरोबर जिन्यावर बसतो. कोणी घाबरत नाही, फक्त राणी सांभाळतात." कागद पिशवीत घालून त्या उठल्या. दोन वर्षं गोष्ट कपाटात पडून राहिली. "माझं पुस्तक कधी?" असं छाया विचारायची, आणि एरवी कोणाचं ऐकून न घेणाऱ्या ताई गप्प बसायच्या. त्यांना हरलेलं मी तेवढंच पाहिलं. शेवटी घाटकोपरच्या एका छोट्या प्रकाशकानं ती जशीच्या तशी छापली. छायानं दारोदार बेल वाजवून पुस्तक दाखवलं, आणि ताई मागून तिला "पुरे गं" म्हणत मुद्दाम सावकाश चालत होत्या.

गेल्या रविवारी मुलुंडला गेलो. छाया आता सतरा वर्षांची आहे. भाऊ चहा टाकायला आत गेले तशी ती पुस्तक घेऊन आली आणि मिनूशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवून म्हणाली, "काका, इथं आई काढ." मी ताई काढल्या, शांत आणि हसऱ्या, गेलेल्या माणसांना आपण काढतो तशा. छायानं पुस्तक परत माझ्याकडे सरकवलं.

"अशी नाय. ओरडणारी काढ."

मी खोडरबर मागितला.