सुकलेल्या गवताचा तोल

आमच्या गल्लीच्या टोकाला गवती चहाचे तेल काढणाऱ्या एक बाई राहतात. सारी गल्ली त्यांना अत्तरकाकू म्हणते. अत्तर त्यांनी उभ्या आयुष्यात लावले नसेल, पण हातांचा गंध साबणानेही हटत नाही. पतीच्या पश्चात भट्टी त्यांनीच चालवली. हट्ट हा त्यांचा स्थायीभाव आणि विवेक त्या हट्टाचा सारथी.

भट्टीमागचा उतार त्यांचा आणि धाकट्या दिरांचा सामाईक. तो नव्याने लावायचा होता. एकदा मुळांसकट लावलेले ठोंब रुजले की पुढची काही वर्षे तेच गवत कापायचे. म्हणून वाणाची निवड दोन्ही घरांच्या चरितार्थाची बाब होती. दिरांचा कौल रुंद पात्याच्या, उंच वाणाला. काकूंचा बारीक पात्याला, कारण तो त्यांनी पतीसह निवडनिवडून जोपासला होता. वहिनींची माया गवताच्या मुळापर्यंत गेली आहे, असे दीर म्हणत. भाऊजींना उंचीतच अक्कल दिसते, असे काकू म्हणत. अखेर ठरले की दोन्हींचे सारखे वजन भट्टीत घालावे आणि तेलात व गंधात सरस ठरेल तेच लावावे.

बारीक पात्याने बाजी मारली. काचेच्या नळीत पाण्यावर तरंगणारा त्याचा पिवळा थर स्पष्टच जाड होता. दिरांनी मोकळ्या मनाने हार मानली.

दुसऱ्या दिवशी काकू भट्टीतून काढलेला चोथा उचलत होत्या. बारीक पात्याचा ढीग दुसऱ्याहून बराच मोठा दिसला. वजन सारखे, मग ढीग असमान का? त्यांना आठवले. बारीक पात्याचे गवत चाचणीच्या आदल्या दिवशीच कापून शेडमध्ये पसरले होते. रुंद पाते मात्र ऐनवेळी, ताजेच आले होते. सुकण्यात पाणी उडाले आणि तेवढ्याच वजनात अधिक पाती मावली. तुलना वाणांची झालीच नव्हती, ओल्या-सुक्याची झाली होती.

त्यांनी दिरांना बोलावून ढीग दाखवले.

"वहिनी, मी हरलो म्हणतोय ना? आता कशाला उकरून काढता?"

"उतार लावायचाय भाऊजी, माझी समजूत नाही काढायची. पुन्हा कापा. दोन्ही एकदम."

या खेपेस दोन्ही वाण एकत्र कापले, तिथेच तोलले, सारखे सुकवले. रुंद पात्याचे तेल जास्त भरले. लिंबाचा वास देणारे सिट्रल प्रयोगशाळेने दोन्हींत जवळपास सारखेच सांगितले. तेल विकत घेणाऱ्या साबणवाल्यालाही वासात उणे-अधिक जाणवले नाही.

काकूंनी नळीतला थर पुन्हा एकदा मोजला. दिरांनी हळूच सुचवले, निम्मे-निम्मे लावू.

"त्यात आपल्या दोघांचे हट्ट राहतील, उताराचं काय?" असे म्हणून त्यांनी कुदळ उचलली, आणि रुंद पात्याचे ठोंब फोडताना मुळे ओली ठेवायला बजावले.

हरूनही हुकूम यांचाच, असे पुटपुटत दीर पाणी आणायला गेले. काकूंनी तोवर उतारावर दोरी ताणून पहिली ओळ आखायला घेतली होती.