त्यांनी लेकीला का घेतलं नाही

माझं माहेर वरवंड, सासर केंदूर. पहिलं बाळंतपण माहेरचं, म्हणून दौंडच्या दवाखान्यात नाव घातलं होतं. मुलगी झाली. नंतर रक्त थांबेना, एवढंच मला आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा आई उशाशी बसली होती आणि नवरा दाराला टेकून उभा होता. नर्सनं बाळ त्यांच्यापुढं धरलं, तर त्यांनी हात मागं घेतले. "असू द्या, पडंल," म्हणाले.

दर रविवारी ते मोटारसायकलवर वरवंडला यायचे. रानातली मेथी, शेवग्याच्या शेंगा आणायचे. माझी चौकशी करायचे, पण पाळण्याजवळ जायचे नाहीत. चहा झाला की निघाले.

"पोरगी झाली ना, म्हणून तोंड उतरलंय जावयाचं," मावशी म्हणाली.

मला ते पटलं. मला स्वतःलाच उगाच रडू यायचं, झोप नव्हती, आणि कुणावर तरी राग काढायला बरं वाटत होतं. आरोग्य केंद्राची आशाताई यायची, मला विचारायची, जिवाला कसं वाटतं, जेवण जातं का. तिच्यापाशी मी मोकळी व्हायचे. त्यांना असं कुणी विचारलं नाही. मीही नाही.

बारशाला घर बायकांनी भरलेलं होतं. सगळ्यांदेखत मी म्हणाले, "पोरगा असता तर घेतला असता ना तुम्ही?" बायका हसल्या. ते न जेवताच गाडीला किक मारून गेले. पुढचे दोन रविवार आलेच नाहीत.

मी केंदूरला आल्यावर ते कंपनीत ओव्हरटाइम घ्यायला लागले. लेक चालायला लागली तेव्हा कुठं तिचं बोट धरून रानात न्यायला लागले. दुसऱ्या बाळाचा विषय निघाला की उठून जायचे. पोरगा हवा असलेला माणूस असं का करील, हे मला तेव्हाही सुचलं नाही.

गेल्या वर्षी नणंद शिरूरला बाळंत झाली. सगळे आत, आणि हे दवाखान्याच्या फाटकाबाहेर गाडीवर बसलेले. मी चिडूनच बोलवायला गेले.

"अहो, भाची झाली. या की आत."

"बाळंतिणीला रक्त गेलं का?" त्यांनी गाडीवरूनच विचारलं.

"न्हाई. दोघी चांगल्या हायेत."

मग ते बोलले. "तुझ्या टायमाला सही घेतली माझी. म्हणले, काय बी होऊ शकतं. तुला तसंच रक्तात नेताना बघितलं मी. पोरगी समोर आली की तेच दिसायचं. वाटायचं, हात लावला तर हिलाबी कायतरी होईल."

"मग बोलला का न्हाई?"

"कुणाला बोलू? बाळंतीण तू. तुलाच सांगू व्हय, मला भ्या वाटतंय म्हणून?"

"बारशाला मी बोलले ते..."

"जाऊ दे," म्हणाले. मग खाली बघत, "पण लई लागलं होतं."

भाचीला त्यांनी त्या दिवशी घेतलं नाही. पाचवीच्या पूजेला घेतलं, खाली बसून, मांडीवर उशी ठेवून. आमची लेक तेव्हा आठ वर्षांची होती. ती शेजारी उभी राहून बघत होती.

"पप्पा, मला पण असंच घेतलं होतं का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं.

"घेतलं होतं की," मी म्हणाले.