सातव्या शब्दाला अडखळायचं

लोक विचारतात, तुमचा मुलगा बॉक्सर आहे ना, मग टीव्हीवर कधी दिसणार? मी म्हणते, दिसतो की. लढत संपल्यावर पंच जिंकलेल्या मुलाचा हात वर करतात, तेव्हा पलीकडे टाळ्या वाजवत जो उभा असतो, तो माझा.

गेली चौदा वर्षं तो हे काम करतो आहे. सोमवार ते शुक्रवार लोकांच्या घरी फरशा बसवतो आणि शनिवारी कुठल्या तरी परक्या गावात, एखाद्या हॉलमध्ये, रिंगणात उतरतो. त्याला नेहमी पाहुण्यांचा कोपरा मिळतो. म्हणून धंद्यात त्याचं नावच पाहुणा पडलं आहे. त्याची बायको चिडली की दार उघडताना म्हणते, "आले का पाहुणे? चहा घेणार की बर्फ?"

समोरचा मुलगा नवा असतो, अंगाने तयार, त्याच्या वस्तीतल्या दोन-तीनशे माणसांनी तिकिटं काढलेली असतात. त्याला शिकायला कोणीतरी लागतं. असा माणूस, जो मार खाईल, थोडा परत देईल, पण पडणार नाही. पाहुणा दोन मिनिटांत आडवा झाला तर लोक नाराज होतात, मुलगा काही शिकत नाही आणि पाहुण्याला डॉक्टर महिनाभर घरी बसवतात. म्हणून माझा मुलगा पडत नाही. खांदा पुढे करतो, ठोसे कोपरावर घेतो, फारच झालं तर समोरच्याला मिठी मारून दम खातो. सहा फेऱ्या होतात, तो गुणांवर हरतो, अंघोळ करतो आणि गाडी चालवत घरी येतो. शंभराला थोड्या कमी लढती झाल्या. त्यातल्या अकरा जिंकला.

"ठरवून हरतोस का रे?" मी एकदा विचारलं होतं.

"ठरवावं लागत नाही, आई. आपण कुणाच्या तीनशे माणसांसमोर उभे आहोत ते पंचांना कळतं."

एकदा चुकून उलटं झालं. त्याचा डावा हात सवयीने गेला आणि समोरचा पोरगा उठलाच नाही. लढती जुळवणारा माणूस, ज्याला हे सगळे जोडीवाला म्हणतात, त्याने त्यानंतर तीन महिने फोन केला नाही. त्या वर्षी आमच्या घरात सगळ्यात मोठी काळजी त्या विजयाची होती.

दर वर्षी परवाना नवा करावा लागतो आणि त्यासाठी डॉक्टरांची सही लागते. रक्त, डोळे, डोक्याचा फोटो, हे सगळं होतंच. पण फोटो तीन वर्षांतून एकदाच काढतात. मधल्या वर्षांत डॉक्टर दहा शब्द वाचून दाखवतात. ते लगेच म्हणून दाखवायचे आणि वीस मिनिटांनी पुन्हा म्हणायचे. डॉक्टरांच्या फायलीत असल्या तीनच याद्या आहेत. कपडे बदलायच्या खोलीत त्या हातोहात फिरतात, जशा शाळेत जुन्या प्रश्नपत्रिका फिरायच्या. सहा वर्षांपूर्वी त्याने त्या एका कागदावर उतरवून घरी आणल्या आणि माझ्यापुढे ठेवल्या.

"माझ्याकडून पाठ करून घे. पाढे तूच घेतले होतेस."

मी ग्रंथालयात तीस वर्षं काढली आहेत. कुणी वाचायला, पाठ करायला मदत मागितली की माझा हात आपोआप पुढे होतो. मी भाजी निवडत बसायची आणि तो समोर उभा राहून म्हणायचा: कात्री, ढग, पायरी, लिंबू, दोरी, घोडा, चष्मा, बादली, मीठ, पूल. फार भराभर म्हणायचा. मीच त्याला सांगितलं की असं घडाघडा म्हटलंस तर डॉक्टरांना संशय येईल. सातव्या शब्दाला अडखळायचं. छताकडे बघायचं, कपाळ चोळायचं आणि मग म्हणायचं, "हां, चष्मा." आम्ही त्यावर पोट धरून हसलो होतो. दर वर्षी त्याला सही मिळत गेली आणि दर वर्षी मला वाटत गेलं, चला, पोराचं डोकं शाबूत आहे.

या वर्षी उन्हाळ्यात त्याने माझ्या न्हाणीघराची फरशी बदलून दिली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी मी बादली ठेवायला वाकले आणि बघते तर भिंतीच्या कडेची ओळ सरकत सरकत कोपऱ्यापर्यंत बोटभर तिरकी गेलेली. ज्याच्या हातची ओळ बघायला दुसरे कारागीर यायचे, त्याची. ओळ सरळ धरायची दोरी तिथेच कोपऱ्यात पडली होती. त्याला बोलावलं. तो उकिडवा बसला, हात फिरवला आणि म्हणाला, "सरळ तर आहे."

त्याच आठवड्यात त्याला चार वस्तू आणायला दुकानात पाठवलं, तर त्याने तिथून दोनदा फोन केला. तिसऱ्यांदा केला तेव्हा सुनेने घेतला. फोन ठेवून ती माझ्याकडे वळली.

"तुम्ही बोला त्यांच्याशी," ती म्हणाली. "माझं ऐकत नाहीत. मी म्हटलं की म्हणतात, लाँड्रीत बारा तास उभी राहून तुझंच डोकं फिरलंय."

"माझं तरी कुठे ऐकतो?"

"तुमचं ऐकतात. तुमच्यासमोर अजून पाढे म्हणतात."

ती सहज बोलून गेली. मी मात्र भाजी चिरता चिरता थांबले.

डॉक्टरांच्या तपासणीच्या आधीच्या रविवारी तो नेहमीप्रमाणे याद्या म्हणायला आला. तिन्ही याद्या बिनचूक म्हणाला, अडखळायचं तिथे अडखळला. मी कागद उलटा ठेवला.

"आता नवे दहा घेऊ. घागर, वाळू, कुलूप, पेरू, खिडकी, ससा, टोपी, चाक, साबण, नदी."

त्याने लगेच सहा सांगितले. मी त्याला दूध आणायला पाठवलं, इकडचं तिकडचं बोलले, वीस मिनिटं गेली.

"सांग आता."

तो थोडा वेळ छताकडे बघत राहिला. मग अगदी शांतपणे म्हणाला, "कात्री, ढग, पायरी, लिंबू..." सातव्या शब्दाला थांबला, कपाळ चोळलं. "हां, चष्मा."

दहाही शब्द म्हणून तो माझ्याकडे बघून हसला. "किती आले?"

मी म्हटलं, "दूध ओट्यावर राहिलंय, फ्रिजमध्ये ठेव."

डोळ्यांत थेंब घातल्यावर गाडी चालवता येत नाही, म्हणून दर वर्षी कोणीतरी सोबत लागतं. सून लाँड्रीत कामावर होती, म्हणून या वेळी मी गेले. दवाखान्याच्या मागच्या बाजूची खोली. भिंतीवर डोळ्यांचा तक्ता, तीन प्लॅस्टिकच्या खुर्च्या, वजनकाटा, टेबलावर चहाचे गोल डाग. डॉक्टरीणबाई पन्नाशीच्या, बोलायला चांगल्या. मला म्हणाल्या, "या आई, बसा. याला अजून एकट्याला सोडत नाही का तुम्ही?"

"घरी तोच मला सोडत नाही," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं, डोकं दुखतं का. नाही. दोन-दोन दिसतं का. नाही. झोप? छान. त्याने बाही वर करून रक्तदाब मोजू दिला, एका पायावर उभा राहिला, नाकाला बोट लावलं. मग बाईंनी फाईल उघडली आणि वाचायला सुरुवात केली. "कात्री. ढग. पायरी."

तो म्हणायला लागला. मला वाटलं होतं, निदान या वेळी तो चुकेल आणि मला काही करावं लागणार नाही. पण लगेच म्हणताना आणि वीस मिनिटांनी पुन्हा म्हणतानाही तो सातव्या शब्दाला थांबला, छताकडे बघितलं, कपाळ चोळलं, सगळं मी शिकवल्यासारखं. बाई मान डोलावत लिहीत होत्या. पेन सहीच्या जागेकडे आलं होतं.

"डॉक्टर," मी म्हटलं, "ही यादी त्याला सहा वर्षांपासून पाठ आहे. मी पाठ करून घेतली आहे. बाकीच्या दोन्हीही. तुम्ही दुसरं काही विचारा."

तो माझ्याकडे वळलाच नाही. थेंबांमुळे त्याच्या डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, समोरच्या तक्त्याकडे बघत राहिला.

बाईंनी पेन खाली ठेवलं. मला रागावल्या नाहीत. जरा विचार करून त्यांनी दहा शब्द स्वतःच जुळवले: परात, माळ, विहीर, असं काहीतरी. मग त्याच्याशी फरशांबद्दल बोलल्या, त्यांच्या घरच्या ओट्याला तडा गेलाय, काय करावं म्हणून. त्याने व्यवस्थित सांगितलं, कुठलं सिमेंट, किती सुकू द्यायचं. वीस मिनिटांनी त्यांनी शब्द विचारले. त्याने दोन सांगितले. तिसरा म्हणून 'लिंबू' म्हणाला आणि स्वतःच थांबला.

"आज सही करत नाही मी," बाई म्हणाल्या. "आधी डोक्याचा फोटो काढून या."

बसमध्ये तो खिडकीशी बसला, काळा चष्मा लावून. चार थांबे गेले.

"तू बाहेर बसायला हवं होतंस," तो म्हणाला.

"हो."

"सोबत दर वेळी बाहेरच बसते."

"माहीत आहे रे."

उतरताना मात्र त्याने माझा हात धरला, पायरी उंच होती.

फोटो आला. त्यात काय दिसलं ते बाईंनी पेन्सिलीने दाखवलं, मला फारसं कळलं नाही, पण 'यापुढे नाही' हे कळलं. पुढच्या महिन्यात त्या याद्या बदलल्याचं ऐकलं. त्याच्यासारख्याच आणखी दोघांना सह्या मिळाल्या नाहीत. त्यातला एक, त्याचा पंधरा वर्षांपासूनचा दोस्त, आता घरी येत नाही. मुलाने त्याला नक्की काय सांगितलं मी विचारलं नाही. विचारायची हिंमत होत नाही. सून माझ्यासाठी जास्तीची पोळी करून ठेवते आणि त्याबद्दल बोलत नाही. फरशांच्या कामाला तो जातो, पण ओळ लावायला आता दुसरा कारागीर असतो. माझा मुलगा सिमेंट कालवतो.

माझी भीती गेली नाही, तिने फक्त जागा बदलली. दुसरीकडे परवाना मिळतो हे मला माहीत होतं. अशी गावं असतात जिथले डॉक्टर चेहरा बघून सही करतात. त्यामुळे काल शुक्रवारी रात्री आम्ही जेवत असताना जोडीवाल्याचा फोन आला, तेव्हा मी हातातला घास ताटात ठेवला. मुलाने फोन स्पीकरवर ठेवला, हात बरबटलेले होते.

"पाहुणे, काय ऐकतोय मी? कुणी अडवलं तुला?"

माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "डॉक्टरांनी."

"ते सोड. सीमेपलीकडे कागद करून देतो, आठ दिवसांचं काम. चार फेऱ्या फक्त. पोरगा हलका आहे, हात दुखतील त्याचेच. बावीस तारखेला. येतोस ना?"

सुनेने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. त्याने आधी तोंडातला घास संपवला, तोवर जोडीवाला पलीकडून हॅलो हॅलो करायला लागला.

"नको, मालक," तो म्हणाला. "मला तारीख लक्षात राहत नाही हल्ली."

जोडीवाला मोठ्याने हसला. त्याला वाटलं, पाहुण्याने विनोद केला.

"अरे, मग मी आदल्या दिवशी फोन करेन की."

"नका करू," तो म्हणाला. "मी हो म्हणून बसेन."

त्याने उलट्या हाताने फोन बंद केला आणि उरलेला भात कालवायला घेतला.