उभ्यानं दम खाणारे मावळे

बेडसे गावच्या निलेशला लढायांचे गेम खेळायला आवडत, आणि त्यातल्या चुका काढायला त्याहून जास्त. सुदुंबऱ्याच्या कारखान्यातून पाळी संपवून आला की तो कॉम्प्युटरसमोर बसे. भर पावसात बंदुका कशा उडतात, सपाटीवर पळावं तसं सैन्य घाट कसं चढतं, हे कुणी न विचारताच घरादाराला ऐकवी.

पुण्याची एक कंपनी मावळातल्या लढायांवर गेम करतेय असं कळलं, तेव्हा त्यानं बावीस पानं लिहून धाडली. दोन ओळींत आभार आले. आणि सल्लागार नेमला कोण, तर सुहास! शाळेत ह्याच्याच बाकावर बसणारा, लोणावळ्याच्या ट्रेकर मंडळींना गड दाखवणारा, जन्मात एक गेम न खेळलेला. निलेशच्या अंगाचा तिळपापड झाला. सुहास पेढे घेऊन आला, तर ह्यानं शुगरचं कारण सांगितलं. चौतिसाव्या वर्षी शुगर कसली डोंबलाची, पोटदुखी होती ती.

गेम आला त्या रविवारी सकाळीच निलेश चुका शोधायला बसला. तासाभरात एक सापडली. डोक्यावर दारूगोळ्याची ओझी घेऊन घाट चढणारे मावळे दमल्यावर बसतच नव्हते. वाटेकडेच्या दरडीला ओझं टेकवून उभ्यानंच दम खात होते. ‘दमलेला माणूस बसतो, एवढंही सल्लागाराला ठाऊक नाही,’ असं त्यानं कंपनीच्या पानावर लिहिलं, खाली स्वतःचं पूर्ण नाव घातलं. कित्येक महिन्यांनी त्याला बरं वाटलं.

चहा घेऊन आलेली त्याची आई, सरूबाई, पडद्याकडे बघत राहिली.

“लय शानी मानसं हायती ही.”

“शानी कशाची? दमली तरी बसत न्हाईत.”

“बसून कसं चालंल? भारा खाली टाकला तर रानात परत डोईवर कोन देनार? आमी बी असंच टेकवतो.”

निलेशनं गेम थांबवला.

“तुला कुनी इचारलं व्हतं का हे?”

“सुहास आलता की. चार दिस माज्यासंगं गवताला आला. कुटं थांबता, किती येळ थांबता, समदं लिवून घेतलं. तू कामावर गेलतास.”

निलेशनं गेमचं आभाराचं पान उघडलं. पहिलंच नाव होतं, सरूबाई, बेडसे. इतके दिवस तो सुहासवर जळत होता, आता आईचाही हेवा वाटला, आणि वाटला म्हणून लाजही वाटली. तिनं वाहिलेल्या गवतावरच्या म्हशींचं दूध पिऊन तो वाढला होता. बावीस पानं लिहिताना तिला एक प्रश्न विचारावा असं मात्र त्याला सुचलं नव्हतं.

सरूबाईला वाचता येत नव्हतं. ती पडद्याजवळ वाकली.

“तू बी येवडं लिवून धाडलंवतंस. तुजं नाव कुटं हाय, दाव की.”

निलेशनं तिच्याच नावावर बोट ठेवलं.

“हे माजं.”

सरूबाईनं पदरानं पडदा पुसला आणि नीट पाहिलं.

“पयलंच हाय की,” ती म्हणाली.